कागदाची खुर्ची, पाठ टेकून

आत्या, तुझी खुर्ची माझ्याकडे आहे, हे आधी सांगून टाकते. घरातली एखादी वस्तू जागेवर नसली की तुझा जीव किती वर-खाली व्हायचा, ते मला माहीत आहे. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती मुरबाडला घेऊन आले. सापगावला एसटीत चढले तेव्हा कंडक्टरने खुर्चीकडे बघून विचारलं, हिचंही तिकीट फाडू का? मी म्हटलं, फाडा की. तो हसला आणि पुढे गेला. किन्हवलीपर्यंत मी ती मांडीवर धरून होते. तिथे शेजारची बाई उतरली आणि मग तू खिडकीशी बसून आलीस. म्हणजे खुर्ची आली. तू समजून घे.

तेराव्याला आलेलं प्रत्येक माणूस तुला बिचारी म्हणून गेलं. बिचारीने भावाच्या घरात आयुष्य काढलं, बिचारीने कधी काही मागितलं नाही, बिचारी कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझा राग कसा नाकाच्या शेंड्यावर असतो ते तुला सांगायला नको. पण तिथे मला चिडताही येईना, कारण दिवाळीत तो शब्द तुझ्या तोंडावर फेकणारी मीच होते. बाकीचे निदान हळू आवाजात म्हणत होते.

तू चाळीस वर्षांपूर्वी माहेरी परत आलीस ती ‘चार दिवस वस्तीला’ म्हणून. नवऱ्याने दुसरं घर मांडलं होतं आणि ते गावात सगळ्यांना कळलं होतं, पण तू आजीला सांगितलंस ते एवढंच. ते चार दिवस काही संपले नाहीत. बाबा तुझ्याहून पाच वर्षांनी धाकटे, तुला बाय म्हणणारे. त्यांचं लग्न झालं, आई आली, मी झाले, कुडाचं घर जाऊन सिमेंटचं आलं, बाबा भातसानगरच्या नोकरीतून निवृत्तही झाले. तरी कोणी पाहुण्याने विचारलं की तू म्हणायचीस, मी काय, वस्तीला आलेली.

आणि वस्तीला आलेलं माणूस जसं वागतं तशीच तू वागलीस. एक पत्र्याची पेटी, एक गोधडी, एक चटई. पेटीसुद्धा अशा कोपऱ्यात, की उद्या उचलायची झाली तर कोणाला सरका म्हणायला नको. पुढच्या खोलीत आधी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, मग सोफा आला. तू कशावरच बसली नाहीस. तुझी जागा स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीला लागून, खाली. पाठसुद्धा चौकटीला टेकवायची नाहीस. कोणी हाक मारली तर पटकन उठता यावं म्हणून ताठ बसायचीस. आम्ही कोणी तुला तिथे बसवलं नव्हतं. पण ऊठ, वर बस, असंही कोणी म्हटलं नाही. आई काही वाईट नाही गं. ती अंगणवाडीत मदतनीस, रोज दुसऱ्यांची पोरं उचलून खुर्चीत बसवते. तुला बसवायचं तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही. मी तुझ्या मांडीवर वाढले आणि ती मांडी कायम जमिनीवरच असायची, हे मला पस्तिशी आल्यावर दिसलं.

ते दिसलं तेही कारखान्यामुळे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत मी खोक्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे, आणि तू गावभर सांगत फिरायचीस की माझी पोर कागदाच्या हापिसात हाय. गेल्या वर्षी आमच्याकडे खोक्यांऐवजी फर्निचरची ऑर्डर आली. पुठ्ठ्याची खुर्ची, स्टूल, पोरांचं टेबल. सात पदरी पन्हळी पुठ्ठा; मशीनवर त्यावर घडीच्या रेषा पाडायच्या, खाचा कापायच्या आणि खाचेत अडकायच्या जिभा ठेवायच्या. ना खिळा, ना स्क्रू, ना गोंद. गिऱ्हाइकाने सपाट शीट घरी न्यायचं, रेषेवर दुमडायचं, जीभ खाचेत घालायची, की झाली खुर्ची. भल्या दांडग्या माणसाचं वजन घेते. आमचा सुपरवायझर स्वतः बसून दाखवायचा आणि त्याला बघून कोणालाही खात्री पटायची.

छपाई सरकलेला माल घरी न्यायची परवानगी मिळाली तेव्हा मी एक खुर्ची उचलली. एवढी हलकी, की काखेत मारून चालायला लागले. आणि चालता चालता तू आठवलीस. उद्या उचलायची झाली तर कोणाला सरका म्हणायला नको, अशी ही पहिलीच खुर्ची मी बघत होते. या खुर्चीला तू नाही म्हणू शकणार नाहीस, असं मला वाटलं. मी तुला ओळखते असा माझा गैरसमज होता.

शिमग्याच्या आधीचा रविवार होता तो. तू मागच्या पडवीत पत्रावळी टाचत बसली होतीस. गावात कोणाकडे पूजा असली की ते काम तुझ्याकडे यायचं. पळसाची पानं, बांबूच्या बारीक चोया आणि तुझी बोटं. दोन पानं जोडायची, चोय एका बाजूने खुपसून दुसऱ्या बाजूने काढायची, उरलेलं टोक मोडून टाकायचं. पत्रावळीत वरण वाढलं तरी थेंब खाली येत नसे. मी शीट तुझ्यासमोर अंथरलं तेव्हा तू विचारलंस, इतकं मोठं खोकं कशाला आणलं गो? मी म्हटलं, खोकं नाही, तुझी खुर्ची आहे. तू हसलीस आणि पुढचं पान घेतलंस.

खुर्चीसोबत चित्रांचा कागद येतो, एक ते अकरा. रेष कुठे पुसट आहे, खाच कुठे अर्धी कापली गेली आहे, ते मी दिवसभर शीटांवर हात फिरवून सांगते. पण तोपर्यंत एक खुर्ची काही मी स्वतः उभी केली नव्हती. चार चित्रं बरी गेली. पाचव्याला पाठीचा भाग बसायच्या भागाखाली जाऊन अडकला. मी चित्र उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, पुठ्ठा गुडघ्याखाली दाबून पाहिला. तू चोय दातांत धरून माझी गंमत बघत होतीस. मग म्हणालीस, ज्या जागी मोड दिलीय त्या जागीच ते मोडनार, तू नवी मोड कशाला देतेस? तुला अक्षरओळख नव्हती आणि त्या चित्रांकडे तू ढुंकूनही बघितलं नाहीस. शीट फिरवलंस, रेषेवरून अंगठा ओढलास, तळहाताने एक दाब दिलास आणि पाठ सरळ उभी राहिली. पुढची सहा चित्रं तू न बघताच केलीस. मी नुसती धरायला होते.

आणि मग तू ते केलंस. डावीकडची जीभ कडक होती, खाचेत जाईना. मी आत पाणी प्यायला गेले आणि परत येते तो तू पानांवर शिंपडायच्या तांब्यातलं पाणी त्या जिभेवर शिंपडून दोन बोटांनी चोळत होतीस. वाळलेलं पान पाणी दिल्याशिवाय दुमडत नाही, तुटतं. म्हणून आधी पाणी. तुझा हात वर्षानुवर्षं तेच करत आलेला, त्याने पुठ्ठ्यालाही पाणी पाजलं. मी किंचाळले. आमच्या खात्यात शीटांजवळ पाण्याची बाटली ठेवली तरी बोलणी बसतात. तू दचकून हात मागे घेतलास. जीभ खाचेत गेली खरी, अगदी लोण्यासारखी गेली, पण दुपारी वाळल्यावर तिचे पदर सुटले आणि खुर्चीची डावी बाजू ढिली पडली.

असू दे, म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, सगळी वाट लावलीस. तू म्हणालीस, मला काय ठावं गो, आणि तांब्या उचलून आत ठेवून आलीस. मग कितीतरी वेळ तू त्या खुर्चीला हातच लावला नाहीस. पत्रावळीसुद्धा पाठ करून टाचत बसलीस.

या पाण्यावरून आपलं भांडण मग दिवाळीपर्यंत चाललं, तुला आठवत असेल. ते मात्र मजेचं भांडण होतं. तू फोनवर म्हणायचीस, तुमच्या कागदवाल्यांना अक्कल नाय, पान्याबिगर काय वाकतंय का? मी म्हणायचे, तुझी डावी बाजू बघ आणि मग बोल. तू म्हणायचीस, तुझी उजवी बघ, ती कोरडी मोडलीस तिचा वरचा कागद तडकलाय. आणि खरंच तडकला होता. मागे वैशाखात आमच्या जुन्या ऑपरेटरला मी हे हसत हसत सांगितलं, तर तो हसला नाही. म्हणाला, उन्हाळ्यात पुठ्ठा फार वाळला की घडीवर तडकतोच, थोडी ओल त्याच्यात राहावीच लागते. तुझी आत्या पाणी जास्त देऊन बसली एवढंच, बाकी तिचं बरोबर आहे. हे मी तुला सांगणार होते. पण तुला जिंकू द्यायचं माझ्या जिवावर आलं. दिवाळीला समोरासमोर सांगू, असं ठरवलं आणि दिवाळीला मी भलतंच बोलून बसले.

त्या पहिल्या रविवारी मी तुला बसवलं होतं. दोन्ही खांदे धरून. तू टोकावर टेकलीस, पाय जमिनीत रोवून, सगळा भार पायांवर घेऊन. खुर्चीवर तुझं लुगडं होतं, तू नव्हतीस. मागे टेक, पाठ टेक, असं मी म्हणत राहिले. तू मान हलवून म्हणालीस:

“टेकला का मानूस जड होतो गो.”

मला तो विनोद वाटला. पुठ्ठा पेलेल की नाही याची तुला भीती वाटते, असं समजून मी तुला सात पदरांचं गणित समजावत बसले. तेवढ्यात अंगणात बाबांच्या चपला वाजल्या आणि तू उठून पडवीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिलीस.

त्यानंतर मी येईन तेव्हा त्या खुर्चीवर गोधड्यांची चवड. मागच्या पडवीची जमीन अजून शेणाने सारवलेली, तिची ओल पुठ्ठ्याला लागू नये म्हणून तू खुर्चीखाली खताची रिकामी पिशवी अंथरली होतीस, एवढी काळजी. पण बसायला म्हणून नाही, गोधड्या ठेवायला. दरवेळी मी बघायचे, मनात चडफडायचे आणि चहा पिऊन निघायचे.

भाऊबीजेला तू बाबांना पाटावर बसवून ओवाळलंस. बाबांनी तुला साडी दिली, तू ती कपाळाला लावून पेटीत ठेवलीस आणि दाराशी जाऊन बसलीस, त्याच जागेवर, तशीच ताठ. मला काय झालं कोण जाणे. मी पडवीत गेले, गोधड्या उचलून खाली टाकल्या, खुर्ची पुढच्या खोलीत आणून आपटली आणि म्हटलं, बस. तू म्हणालीस, राहू दे, गोधड्यांना जागा लागते. बाबा खाली बघत होते, आई आत गेली.

“चाळीस वर्षं राबलीस तू या घरात. बसायला कोनाला इचारायला लागतंय तुला? लोकांनी बिचारी म्हनलेलंच आवडतं तुला.”

तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू माझ्याकडे वर बघितलंस आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलंस:

“तू बसतेस का गो तिकडं? मामांसमोर?”

मामा म्हणजे माझे सासरे. ते मला कधी वाकडं बोलले नाहीत, त्यांनी नोकरीला नाही म्हटलं नाही, उलट एसटी चुकली तर स्वतः मोटरसायकलवरून सोडायला येतात. फक्त संध्याकाळी ते पुढच्या खोलीत सोफ्यावर बसले, की मी त्यांना चहा देते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते. त्यांच्याशी बोलते ते तिथूनच. ऐकते ते तिथूनच. बारा वर्षं झाली. कोणी सांगितलं नव्हतं, सासूबाई होत्या तेव्हा त्या उभ्या राहायच्या, त्या गेल्यावर ती जागा माझ्याकडे आली. तू आमच्याकडे एकदाच आलीस, माझ्या मुलीच्या बारशाला. तेव्हा तू माझ्या पायांशी, चौकटीला लागून बसली होतीस. मला वाटलं होतं, तू पाहुण्यांना बघते आहेस.

मी म्हटलं, माझं येगळं हाय. तू म्हणालीस, असंल. मग उठलीस, खुर्ची पडवीत नेऊन ठेवलीस आणि गोधड्या एकेक करून तिच्यावर रचल्यास, कडा जुळवून.

पुढे तीन-चारदा फोन झाला. जेवलीस का, जेवले. वाल पेरला का, पेरला. पोर शाळेत जाते का, जाते. चुकलं माझं, असं म्हणायची आपल्या घरात रीत नाही. पुढच्या भेटीला काहीतरी खायला करून न्यायचं, की समोरच्याने समजून घ्यायचं. मी तुझ्यासाठी तिळाच्या वड्या करणार होते. मार्गशीर्षातल्या एका सकाळी तू उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. कोणाला हाक मारली नाहीस, कोणाला सरका म्हटलं नाहीस. मी पोचले तेव्हा तुला अंगणात घेतलं होतं आणि तू फार लहान दिसत होतीस.

मग तेरावा. माणसाच्या वस्तू द्यायच्या म्हणून आईने एकेक पुढे आणून ठेवलं: अंथरूण, तांब्या, छत्री, चपला. बसायला काहीतरी हवं, असं भटजी म्हणाले. आई पडवीतून तुझी खुर्ची घेऊन आली. आईचं बरोबरच होतं, तुझ्या नावाची घरात ती एकच तर बसायची वस्तू होती. तेव्हा बाबा बोलले. बाबांचं तुला माहीत आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांचे शब्द मोजले तर दोन मुठीही भरणार नाहीत.

“बायची खुर्ची नाय द्यायची.”

आई म्हणाली, बायची आहे म्हणून तर द्यायची. भटजी थांबले, आलेली माणसं थांबली. बाबा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले:

“दुपारच्याला बसायची ती हिच्यावर. रोज.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, तुटक तुटक, आमच्यापैकी कोणाकडे न बघता. आई अंगणवाडीत आणि ते शेतावर, असा दुपारचा वेळ. एकदा विळा घरी राहिला म्हणून ते लवकर परतले. मागच्या खिडकीतून पडवीत पाहिलं तर गोधड्या खाली चटईवर ठेवलेल्या आणि तू खुर्चीत. पाय लांब सोडलेले, डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले. त्यांना वाटलं झोपलीस, पण तुझा पाय हलत होता, हळूहळू, आपल्याच नादात. ते विळा न घेता मागे फिरले आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून ते रोज एकाच वेळेला यायचे. फाटकाची कडी उगाच दोनदा वाजवायचे, अंगणात थांबून चपलांची माती झाडायचे आणि मगच घरात शिरायचे. तोवर गोधड्या जागेवर गेलेल्या असायच्या आणि तू दाराशी.

मी विचारलं, मग तुम्ही तिला सांगितलं का नाही, बस म्हणून? ते म्हणाले, सांगितलं असतं तर बसली नसती.

त्या क्षणी मला बाबांचा इतका अभिमान वाटला आणि इतका रागही आला, की दोन्हीपैकी काय आधी बोलावं ते कळेना. चाळीस वर्षांत एकदाही तुम्हाला तोंड उघडता आलं नाही, हे ओठांवर आलं होतं. पण मी तोंड उघडलं होतं ना, भाऊबीजेला. त्याचं काय झालं ते समोर होतं. माझ्या ओरडण्याने तुला एक क्षणही बसता आलं नाही आणि त्यांच्या गप्प राहण्याने तुला रोजची दुपार मिळाली. तरीही आत्या, ते पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही. तू चोरून बसावंस, असं ते घर नव्हतं. यावर तुझ्याशी भांडायला मला आवडलं असतं.

बसायला म्हणून शेवटी लाकडी पाट दिला. सगळे जेवायला बसले तेव्हा मी खुर्ची घेऊन पडवीत गेले. माझं कामच तपासणीचं. पाठीवर, वरच्या बाजूला, तुझ्या खोबरेल तेलाचा गोल डाग. चांगला मुरलेला, कडेला पिवळट. एका दिवसाचा नव्हे. बसायच्या जागेवर खळगा. पुठ्ठा दाब विसरत नाही, आत्या. आमच्याकडे थप्पीवर थप्पी चुकीची पडली तर खालच्या शीटवर जो खळगा पडतो, तो परत वर येत नाही, तो माल मी बाजूला काढते. गोधड्यांनी पडलेला खळगा सगळीकडे सारखा असता. हा तुझ्या बैठकीचा होता, मागच्या बाजूला जास्त खोल. तू टोकावर बसत नव्हतीस. पार मागे सरून बसत होतीस.

मग मी खुर्ची उलटी केली. डावीकडची ती पाण्याने सुटलेली जीभ. तिचे पदर तू एकावर एक नीट बसवले होतेस आणि चोयांनी टाचले होतेस, पत्रावळ टाचावी तसे. तीन चोया, टोकं मोडून आत दाबलेली, हाताला लागू नयेत म्हणून. उजवीकडच्या तडकलेल्या घडीवरही एक. चित्रांच्या कागदात लिहिलेलं असतं की कुठलंही अवजार लागत नाही. तुला लागलंही नाही. मी तिथे पडवीत जमिनीवर बसून ढसाढसा रडले. आई आली. तिने चोयांवरून बोट फिरवलं आणि मग तीही माझ्याजवळ खाली बसली.

आणताना खुर्ची उलगडून सपाट करता आली असती. एसटीत सोयीचं पडलं असतं. पण त्यासाठी चोया काढाव्या लागल्या असत्या.

इथे आल्यावर पहिल्या संध्याकाळी मामा सोफ्यावर बसले, मी चहा दिला, आणि माझी दाराशी उभी राहायची जागा होती तिथे तुझी खुर्ची ठेवली. उंबऱ्याच्या आत. मी इतकी घाबरले होते, की मलाच हसू आलं. पगारवाढ मागताना एवढं झालं नव्हतं. मी बसले. टोकावर. सगळा भार पायांवर घेऊन. तू काय म्हणाली होतीस ते माझ्या पोटऱ्यांना कळलं. पुठ्ठा सातच काय, सत्तर पदरी असता तरी तो प्रश्न सुटला नसता.

मामांनी मान वळवून पाहिलं. आधी खुर्चीकडे, मग माझ्याकडे. विचारलं, पेलतंय का गो ते, कागदाचं? मी म्हटलं, पेलतंय, मामा. ते परत बातम्यांकडे वळले. मला वाटलं, झालं एवढंच. थोड्या वेळाने टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, दारात धूर येतो चुलीचा, जरा इकडे घे. आमच्याकडे गॅस आहे, आत्या. चूल बंद होऊन आठ वर्षं झाली. मी खुर्ची उचलून दोन पावलं आत घेतली. खरंच, कोणाला सरका म्हणावं लागलं नाही.

आज चौथा दिवस. डावी बाजू कुरकुरते, पण तुझ्या चोया धरून आहेत. तुझा खळगा मला थोडा अरुंद पडतो आणि तुझ्या तेलाचा डाग माझ्या मानेशी येतो. पाण्याचं तुझंच बरोबर होतं, हेही सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगितलं. आणि दिवाळीला तू मला विचारलं होतंस, त्यावर मी खोटं उत्तर दिलं होतं. माझं काही वेगळं नव्हतं. बसते गो आत्या, मामांसमोर. आज संध्याकाळी पाठही टेकली.